आमच्याकडे चालतं

रामनगरच्या मावशीने मंगळवारी साबुदाणा भिजवला आणि पुण्याच्या मामीने बुधवारी. दोघींनी एकादशी एकाच पंचांगात पाहिली होती. दुर्दैवाने ते पंचांग कागदाचं नव्हतं, आमचं होतं. म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या एका लायब्ररीचं, जी आम्ही पाच-सहा जण मिळून सांभाळतो. सांभाळतो हे जरा जास्तच झालं. एक जण बिघडवतो, दुसरा त्याला फोन करतो, तिसरा "आमच्याकडे तर चालतंय" म्हणतो, आणि उरतो तो मी.

मी आधी मामीला फोन लावला.

"मामी, एकादशी काल होती. मंगळवारी."

"ती स्मार्त असेल. आमची भागवत."

मग मावशीला सांगितलं, की मामीकडे एकादशी आज दाखवतेय. मावशी म्हणाली, "वहिनी पहिल्यापासून एक दिवस मागेच असते."

धर्मशास्त्राने आमचा बग शेकडो वर्षांपूर्वीच हेरला होता, त्याला दोन नावं दिली होती आणि दोन्ही पक्षांचा उपास लावून देऊन हात धुतले होते. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण मला उगाचच कारण शोधायची खोड.

कारण असं निघालं. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. १२० अंश झाले की एकादशी लागते. आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. मामाचा संगणक जुना, ३२ बिटांचा. त्याच्यातला गणिताचा कप्पा मधली आकडेमोड ऐंशी बिटांत करतो आणि उत्तर शेवटी ६४ बिटांत कोंबतो. मावशीच्या नातवाचा लॅपटॉप पहिल्यापासून सगळं ६४ बिटांतच करतो. त्या मंगळवारी लॅपटॉपच्या मते सूर्योदयाला कोन पुरा १२० अंश होता. मामाच्या खोक्याच्या मते दशांशचिन्हानंतरच्या तेराव्या घरात काहीतरी कमी पडत होतं. तेवढ्यासाठी सदाशिव पेठेत दशमीची पोळीभाजी झाली आणि रामनगरात खिचडी. असा योग शतकातून एकदा यावा. तो आमच्याच घराण्यात यायचा होता.

बरं, दोन्हीकडे सूर्य तरी वेगळा उगवला होता का? नाही. दोन्हीकडे तो पुण्यातच उगवत होता. ही लायब्ररी मुळात एका पुणेकर मित्राने स्वतःपुरती लिहिलेली. तिच्यात सूर्य कुठे उगवतो या प्रश्नाचं उत्तर १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व असं कायमचं कोरलेलं होतं.

"अरे, पण पुण्याबाहेरही लोक राहतात," मी म्हटलं.

"राहू देत की. सूर्योदय आपला वापरायचा."

"न्यू जर्सीत?"

"त्यांनी तर आपलाच वापरावा. तिकडे कुठला शुद्ध सूर्योदय?"

छापील पंचांगंही कुठल्यातरी एका गावाचा सूर्योदय धरतात आणि बाकीच्यांना मिनिटं मिळवायला-वजा करायला लावतात, असं त्याने वर सुनावलं. हे खरं असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं. पुणेकराशी वाद घालताना सगळ्यात मोठी अडचण हीच, की मधूनच तो खरं बोलतो.

आता ही दुरुस्ती माझ्या गळ्यात का, तर मी सुप्याजवळ राहतो म्हणून. कारवार जिल्ह्यातलं, काळी नदीवरचं सुपा. बाकीच्या सदस्यांची ठाम समजूत अशी, की जंगलात राहणाऱ्याला वेळ असतो. वाघ सोडले तर त्याला भेटायला येणार कोण? त्यांना इथली परिस्थिती ठाऊक नाही. घरापासून जवळच १०१ मीटर उंचीचं धरण आहे, त्याच्या पायथ्याशी शंभर मेगावॅट वीज तयार होते, आणि पावसाळ्यात तारेवर एक फांदी पडली की माझा लॅपटॉप बॅटरीवर. वीज इथूनच निघते, पण बाहेर गेलेल्या मुलांसारखी तिला घराकडे यायला सवड होत नाही. मोबाइलची रेंज घरात नाही, अंगणात नाही, वरच्या टेकाडावर एका दगडापाशी आहे. तिथे आधीच दोन जण सासरी बोलत असतात. त्यांचं संपलं की मी पुण्याशी भांडतो.

सी भाषेचा यात दोष नाही, असं सगळे जाणकार सांगतात. बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिली गेली. त्यामुळेच पुढे ती एका यंत्रावरून उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता आली. म्हणजे पोर्टेबल असणं हा तर या भाषेचा कुळाचार. पण १९८३ मध्ये अमेरिकेत तिचं प्रमाण ठरवायला लोक बसले, तेव्हा प्रत्येकाच्या घरी निराळी पद्धत निघाली. मग बऱ्याच ठिकाणी त्यांनी ज्याचं त्याने ठरवावं असं लिहून टाकलं. इंट किती बिटांचा? किमान सोळा, पुढे तुमची मर्जी. कॅरेक्टरमध्ये ऋण आकडा मावतो की नाही? तुमची मर्जी. हे 'ज्याचं त्याने ठरवावं' प्रकरण जगातल्या सगळ्या प्रोग्रामरांनी 'आम्ही करतो तेच प्रमाण' असं वाचलं.

बेळगावच्या एका कॉलेजातले प्राध्यापक आमचे सदस्य आहेत. त्यांच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी चालतं. तोच निळा पडदा, तोच सुरुवातीचा क्लिअर-स्क्रीन, तोच व्हॉइड मेन. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उशाला घेऊन झोपलेल्या माझ्या पिढीला तो निळा रंग दिसला की अजून व्हायव्हाचा घाम फुटतो. टर्बो सी १९८७ चं, त्यातला इंट सोळा बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही. आणि आमची लायब्ररी दिवस मोजते ते ज्युलियन पद्धतीने, इसवी सनापूर्वी ४७१३ पासून. तो आकडा आता २४ लाख ६० हजारांच्या पलीकडे गेलाय. सोळा बिटांत तो घालायला गेलं की पुढचं सगळं कापलं जातं आणि उरतं ते ऋण.

"सर, तुमच्याकडे आज कुठली तारीख दाखवतंय?"

"इसवी सनापूर्वीचं अठ्ठेचाळिसावं शतक," सर शांतपणे म्हणाले.

"मग?"

"मग काय? प्रोग्राम रन होतोय. एरर नाही."

कलियुग परंपरेने इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू झालं. म्हणजे सरांच्या लॅबमध्ये ते यायला अजून सतराएकशे वर्षं होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये कलियुग, आत द्वापर. मी इंटच्या जागी लाँग घालायला सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "आमच्याकडे सिलॅबसमध्ये इंट आहे."

लाँगनेही सगळं सुटतं असं नाही. लिनक्सवर तो ६४ बिटांचा, विंडोजवर ३२ चाच. पण ते सरांना सांगायची ती वेळ नव्हती.

म्हापशाच्या सदस्याने एका देवळात तिथी दाखवणारा फलक बसवून दिला आहे. आत तळहाताएवढा रास्पबेरी पाय, बाहेर लाल दिव्यांची अक्षरं. दोन सूर्योदयांच्या मध्येच जी तिथी येऊन संपते ती क्षय तिथी. पुणेकराने तिच्यासाठी एका कॅरेक्टरमध्ये उणे एक हा आकडा ठेवला होता, जागा वाचवायला. पुण्याच्या इंटेलवाल्या यंत्रात कॅरेक्टरला ऋण आकडा मानवतो. म्हापशाच्या एआरएमवर मात्र लिनक्समध्ये कॅरेक्टर धनच असतो. तिथे उणे एक आत जातो आणि २५५ होऊन बाहेर येतो. 'उणे एक आहे का?' असं विचारलं की कधीच हो नाही. त्यामुळे त्या देवळात फलक लागल्यापासून एकाही तिथीचा क्षय झाला नव्हता. गावात बोलबाला झाला. भटजींना हे स्थानमाहात्म्य वाटत होतं आणि त्यांनी ते चार यजमानांना बोलूनही दाखवलं होतं.

न्यू जर्सीचा सदस्य माझा चुलतभाऊ. त्याच्या मॅकला फाइलच्या नावातलं अक्षर मोठं की धाकटं याने फरक पडत नाही, माझ्या लिनक्सला पडतो. तेव्हा तो जे जे पाठवायचा ते माझ्याकडे सापडायचंच नाही. हे किरकोळ. त्याची खरी मागणी २०५० पर्यंतच्या दिवाळ्यांची होती.

"२०५० ची दिवाळी आत्ता कशाला?"

"मंडळाला हॉल लागतो. इथे आधीपासून धरावा लागतो."

पुणेकराने सेकंद ३२ बिटांत ठेवले होते. १९७० पासून मोजलेले ते सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतात, आणि पुढच्या सेकंदाला काळ उलटून डिसेंबर १९०१ मध्ये जातो. भावाने यादी न वाचता मंडळाच्या कार्यकारिणीला पाठवली. तिच्यात २०३८ ची दिवाळी सप्टेंबर १९०२ मध्ये, ऐन पितृपक्षात निघाली होती. कार्यकारिणीने ती बहुमताने मंजूर केली.

बेंगळूरूला निवृत्त झालेल्या एका काकांचा जुना सन कंपनीचा स्पार्क संगणक हा आणखी निराळा अध्याय. तो आकड्याचा मोठा बाइट आधी लिहितो, आपले संगणक धाकटा आधी. पुणेकराने चंद्राच्या गतीचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये ओतले होते. काकांकडे ते उलटे वाचले जायचे आणि चंद्र तासाभरात पृथ्वीभोवती फेऱ्या मारायचा. या भांडणाला डॅनी कोहेन यांनी १९८० च्या १ एप्रिलला नाव दिलं ते गलिव्हरच्या गोष्टीतलं, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून लढणाऱ्या लोकांचं. काकांना ते पटलं नाही. "अंडी कशाला?" ते म्हणाले, "आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. कृष्णपक्षात ते आपल्या एक महिना पुढे. कोणी युद्ध केलंय का?" मी म्हटलं, काका, तुमचा चंद्र थांबवू का? म्हणाले, "राहू दे, बघायला मजा येते."

हे सगळं मी सहन केलं. पण मग गावांची यादी करायची ठरली.

सूर्य पुण्याबाहेर काढायचा तर गावोगावचे अक्षांश-रेखांश हवेत. सगळ्यात आधी मी हौसेने सुपा घातलं: १५.२७ उत्तर, ७४.५३ पूर्व. रात्री अडीच वाजता भावाचा फोन. (त्या रात्री नेमकी घरात रेंज होती. इथे असं काही चांगलं घडलं की ते रात्री अडीचलाच.)

"अरे, तुझं गाव पाण्यात दाखवतंय. मोठा बग आहे."

"बग नाही. धरण आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाव पाण्यातच आहे."

जुनं सुपा धरणाखाली गेलं. धरण १९८७ मध्ये पुरं झालं. गावच्या लोकांना उठवून रामनगरला वसवलं, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. सीमध्ये याला डँगलिंग पॉइंटर म्हणतात: पत्ता शाबूत, पत्त्यावर कोणी नाही. अशा पत्त्यावर गेलात तर काहीही होऊ शकतं, असं पुस्तकं बजावतात. पण मावशीची पत्रिका मांडायची तर जन्मस्थळ बदलता येत नाही, आणि तिचं जन्मस्थळ आता माशांचं आहे. मी तिला विचारलं, रामनगर घालू का?

"का? जन्मले सुप्याला आणि लिहायचं रामनगर? तेच घाल. फक्त मी जन्मले तेव्हा तिथे पाणी नव्हतं, एवढं कुठेतरी लिही."

ते मी प्रोग्राममध्ये टीप म्हणून लिहिलं आहे. कंपायलर टिपा वाचत नाही. सरकारी कामात मुरलेला आहे तोही.

भावाला मात्र पाण्यातलं गाव पटेना. त्याने नकाशावर दुसरं सुपा शोधलं. सापडलं ते नगर जिल्ह्यातलं, पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं, एमआयडीसी असलेलं, कोरडं ठणठणीत. त्याने ते माझ्या सुप्याच्या वर टाकलं. हे पुणेकराला कळल्यावर त्याने त्याच्याही वर तिसरं टाकलं, बारामती तालुक्यातलं सुपे. "शहाजीराजांची जहागीर पुणे आणि सुपे. खरं ते हेच. बाकीची तुमची नंतरची." माझ्या सुप्याला महाराजांच्या वडिलांशी स्पर्धा करायची नव्हती, पण आमचा शोध घेणारा भाग यादीत पहिलं सापडलं की थांबतो. मी पुण्याच्या जहागिरीतलं सुपे खाली सरकवलं, त्याने वर आणलं, मी परत खाली. शेवटी तह म्हणून बारामतीच्या गावाचं नाव शेवटी एकार देऊन वेगळं केलं. उरले दोन सुपे, आणि वर पारनेरचं.

आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. कारण या दोन सुप्यांचा रेखांश जवळपास सारखाच आहे, अंतर आहे ते सगळं उत्तर-दक्षिण. आमची चाचणी झाली मार्चमध्ये, विषुवदिनाच्या आसपास, तेव्हा एका रेखांशावरच्या सगळ्या गावांत सूर्य एकाच वेळी उगवतो. तक्ता जुळला, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, काकांनी चंद्र थांबवायला परवानगी दिली. डिसेंबर आला तसा माझा सूर्य लायब्ररीच्या सहा-सात मिनिटं आधी उगवायला लागला. म्हणजे उगवत असावा. आमच्याकडे समोर डोंगर आणि वर धुकं; दर्शन होतं ते नाश्ता आटोपल्यावर.

मी तक्रार केली. पुणेकर म्हणाला, "तुझं घड्याळ पुढे असेल." भाऊ म्हणाला, "इथे तर बरोबर दाखवतंय." सर म्हणाले, "आमच्याकडे सूर्य सिलॅबसमध्ये नाही."

अशा वेळी मला वेंकटेश बापूजी केतकरांची आठवण होते. नरगुंदचा जन्म, बागलकोटला शिक्षकी, आणि तिथे बसून त्यांनी 'ज्योतिर्गणित' लिहिलं. ग्रह-ताऱ्यांची कोष्टकं हाताने. ते गणित बागलकोटला करा नाहीतर रत्नागिरीला, दगडी पाटीवर करा नाहीतर वहीवर, उत्तर एकच. मी हे पुणेकराला ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. त्यांना तुझ्यासारखे सहकारी नव्हते."

मग मी हट्टाने सगळं उपसायला घेतलं. १९९९ च्या सीमध्ये नेमक्या बिटांचे आकडे मिळतात, ते इंटच्या जागी बसवले. ऋण आकडा मावणारा कॅरेक्टर तसा स्पष्ट लिहिला. बाइट एकेक करून, ठरलेल्या क्रमाने फाइलमध्ये ठेवले. सेकंद ६४ बिटांत नेले, त्यामुळे दिवाळी पितृपक्षातून बाहेर आली. सुप्यांपुढे तालुके जोडले. प्रत्येक दुरुस्तीनंतर दगडावर जायचं, पाठवायचं, आणि कोणाकडे काय मोडलं याची वाट बघायची. पावसाळ्यात तिथे जळवा असतात. पुण्याहून एक सूचना येईपर्यंत दोन चिकटलेल्या असत, आणि त्या सूचनेपेक्षा सहज निघत.

राहिली एकादशी. तेराव्या घरातला फरक सोडून द्यायचा तर किती फरक 'फरक नाही' मानायचा, हे ठरवायला आम्ही सगळे एका कॉलवर जमलो. पुणेकर म्हणाला, नववं घर. भाऊ म्हणाला, सहावं पुरे, अमेरिकेत एवढं कोणी बघत नाही. सर टर्बो सीमध्ये दशांशाची किती घरं छापली जातात ते आधी बघू म्हणाले. म्हापसेकरांनी भटजींनाच फोनवर घेतलं होतं, ते म्हणाले, "देवाच्या कामात अदमास कशाला?" मग मामीने मामाच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, की नक्की एकच एकादशी झाली तर बुधवारी फराळाचं करायचं की नाही? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. तेवढ्यात माझी रेंज गेली आणि ठराव झाला. नववं घर.

आता सगळीकडे एकच उत्तर येतं. मामीचा आणि मावशीचा उपास एका दिवशी, म्हणून मामी नाराज. मंडळाला हॉल मिळत नाही, कारण त्या दिवशी खरंच दिवाळी आहे. सरांनी जुनी प्रत जपून ठेवली आहे. प्रॅक्टिकल होईपर्यंत द्वापरयुग हलवायचं नाही, असा त्यांचा आग्रह आहे. काका विचारत होते, चंद्र पुन्हा थोडा सोडता येईल का.

सर्वांत मोठी तक्रार म्हापशाहून आली. फलकावर पहिल्यांदाच क्षय तिथी उमटली आणि नेमक्या त्या तिथीला एका मोठ्या यजमानांची पूजा ठरलेली होती.

"आधी बरं चालत होतं हो," भटजी म्हणाले. "तुमचं ते दोनशे पंचावन्न तेवढं परत घाला."

"पण ते चुकीचं होतं, भटजी."

"आमच्याकडे चालत होतं."

मी लायब्ररीत एक खटका ठेवला आहे, देवस्थान नावाचा. तो चालू केला की तिथीचा क्षय होत नाही. सगळे इशारे सुरू ठेवून ते इंटेलवर कंपाइल केलं, एआरएमवर केलं, मॅकवर केलं, काकांच्या स्पार्कवरही. एकाही कंपायलरने वॉर्निंग दिली नाही.